बसल्या डोळ्याचं माप

तळ्याकाठच्या आमच्या वाटेला कुणी नावं ठेवली की मला राग येतो. पावणेदोन किलोमीटर लांब, आठ फूट रुंद, आणि चढ कुठेही वीस फुटांना एक फुटापेक्षा जास्त नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिच्यावरच्या फरशीचा प्रत्येक सांधा मी गुडघे टेकून तपासलेला आहे. साहेब कागदावर रेघ ओढतात, गवंडी फरशी बसवतो, आणि मध्ये उभं राहून दोघांची बोलणी खायला मी असतो. माझ्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, काम एवढंच.

वाट सुरू होते तिथे पाटी आहे. ‘सहकुटुंब सहलीसाठी. सर्वांना सुगम.’ खाली चित्रात आई, बाबा, फुगा धरलेली मुलगी आणि चाकांच्या खुर्चीत बसलेली आजी आहे. आजी इतकी हसते आहे की रंगाऱ्याने तिला कसलं औषध पाजलं होतं कोण जाणे. वाट झाडांमधून वळत जाते, दर शंभर पावलांवर टेकायला बाक आहे, आणि शेवटी एका उंचवट्यावर अर्धगोल सज्जा आहे. अख्ख्या वाटेवर तळं दिसतं ते फक्त तिथून. बाकी सगळीकडे झाडी नाहीतर बांध आडवा येतो. सगळी वाट त्या सज्ज्यासाठीच केली आहे असं म्हटलं तरी चालेल.

त्या सज्ज्याला मूळ नकाशात लोखंडी कठडा होता, उभ्या गजांचा. त्याच्या जागी दगडी भिंत घाला, हा हट्ट माझा. घरी माझी ताई चाकांच्या खुर्चीत आहे. हात सुटला, खुर्ची घरंगळली आणि जाऊन गजांवर आपटली, हे दृश्य काही केल्या माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. गज वाकतात, भिंत वाकत नाही. साहेबांच्या मागे लागून, त्यांचं डोकं खाऊन मी भिंत मंजूर करून घेतली. चार फूट उंच, जाडजूड, वरची कड गोल घासलेली. गवंड्याने तिच्यात जीव ओतला होता.

वाट खुली करण्याआधी तिच्यावरून खुर्ची चालवून बघावी लागते. आता खुर्चीत बसणार कोण? धडधाकट माणसाने त्या खुर्चीत बसू नये, पुढे खरंच बसायची पाळी येते, असं आमच्या कामावर सगळे मानतात. साहेबही मानतात, फक्त कबूल करत नाहीत. मीही बसलो नाही. घरी रोज ती खुर्ची बघणारा मी, मी तर मुळीच बसणार नव्हतो. मग आम्ही खुर्चीत सिमेंटची पन्नास किलोची गोणी ठेवली, दोरीने बांधली आणि तिचं नाव ठेवलं आजीबाई. “आजीबाई, धक्का नाही ना बसला?” असं विचारत मी पंधरा दिवस तिला ढकलत होतो. आजीबाईंनी एकदाही तक्रार केली नाही. सज्ज्यावर पोचलो की मी ब्रेक लावायचो, घाम पुसायचो आणि भिंतीवर हात टेकून तळं बघत उभा राहायचो. तळं तिथून फार सुरेख दिसतं.

ताई माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी. आईवडील गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आणि ती शिवणाच्या मशीनवर नुकतीच बसायला लागली होती. त्या मशीनवर तिने मला वाढवलं. सहा दिवस ती लोकांचे कपडे शिवायची आणि सातव्या दिवशी मला घेऊन तळ्यावर जायची. तेव्हा वाट कसली, नुसता चिखल. काठावर एक झाड होतं, पाण्यावर आडवं झालेलं. त्याला आम्ही आडवोबा म्हणायचो. ताई चपला काढून त्याच्या खोडावर पाय सोडून बसायची. आठवड्यातला तेवढा एक तास ती कुणाचं काही देणं लागत नव्हती.

अकरा वर्षांपासून तिची हाडं ठिसूळ होत चालली आहेत. मणके एकेक करून खाली बसत जातात, असं डॉक्टर म्हणतात. गेल्या वर्षी नुसत्या खोकल्याने बरगडी मोडली. तिला उचलायची सक्त मनाई आहे. पलंगावरून खुर्चीत घ्यायचं तर मी आणि बायको चादरीचे चार कोपरे धरून सरकवतो, तेही श्वास रोखून. खुर्ची तिच्या पाठीला बेतून बनवलेली आहे. तिच्यात एक पातळ उशी जास्त सरकवली तरी ताई कळवळते. तिच्या खिडकीतून शेजारच्या गोदामाची भिंत दिसते, बाकी काही नाही.

“मला नाही कंटाळा आला भिंतीचा,” ती म्हणते. “भिंतीला माझा आला असेल.”

वाटेचं काम सुरू झालं तेव्हापासून रोज संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. “कुठवर आली रे?” मी सांगायचो, आज अमुक वळणापर्यंत आली. ती बोटाने चादरीवर ते वळण काढायची. मग दुसरा प्रश्न. “आणि आडवोबा? आहे ना अजून?”

“आहे,” मी म्हणायचो.

आडवोबा नव्हता. भरावाला त्याची मुळं आड येत होती म्हणून पहिल्याच महिन्यात मीच उभं राहून त्याला करवत लावून घेतली होती. तिला सांगायचं मी रोज ठरवायचो आणि रोज ‘आहे’ म्हणून मोकळा व्हायचो. म्हटलं, एकदा पाण्यासमोर बसली की सांगू. पाणी बघून तिचं मन मोठं झालेलं असेल.

“मला फक्त एकदा पाणी बघायचंय,” ती बायकोला म्हणाली होती. “मग मी तुला मुळीच त्रास देणार नाही. म्हणजे कमी देईन.”

वाट खुली झाली त्याच्या चौथ्या दिवशी आम्ही निघालो. मागे उताराची फळी असलेली गाडी भाड्याने आणली. ताईने स्वतःच्या हातचा शेवटचा शिवलेला पोशाख घातला होता, आणि गळ्यात नेहमीसारखा मापाचा टेप. काम सुटून इतकी वर्षं झाली तरी तो टेप तिच्या गळ्यातून उतरत नाही. बायकोने पाण्याची बाटली, औषधं, टोपी असं सगळं बांधून घेतलं. माझी नऊ वर्षांची लेक पुढे पळायची, मागे यायची आणि आत्याला पुढच्या बातम्या द्यायची.

वाटेवर बरीच कुटुंबं होती. बाबागाड्या होत्या, काठी टेकत चालणारे म्हातारे होते, आणि एकमेकांशी अबोला धरून हवा खाणारे नवराबायको होते. मी ढकलत होतो. ताईने खुर्चीच्या हातावर बोटं पसरून ठेवली होती, चाक सांध्यावरून गेलं की कळावं म्हणून. पहिल्या बाकापासून दुसऱ्या बाकापर्यंत तिला एकही सांधा लागला नाही.

“शिलाई चांगली घातलीस,” ती म्हणाली.

माझी छाती अशी काही फुगली की विचारू नका. इतक्या वर्षांत तिने माझ्या कामाला दिलेली ती पहिली शाबासकी. मी वाटेत भेटेल त्याला जरा बाजूला व्हायला सांगत होतो, जणू वाट माझ्या मालकीची होती.

सज्ज्यावर पोचल्यावर मी खुर्ची भिंतीपर्यंत नेली, ब्रेक लावला आणि ऐटीत बाजूला झालो. “घे,” म्हणालो, “बघ आता.”

ताई समोर बघत राहिली. मला वाटलं, तिला भरून आलं असेल. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. तिच्या नाकासमोर दगड होते.

“काय बघू?” तिने विचारलं.

मी खुर्ची मागे घेतली, डावीकडे नेली, उजवीकडे नेली, भिंत सगळीकडे चार फूटच होती. लांब मागे नेली तर झाडांचे शेंडे दिसत, पाणी नाही. मी माझा कोट घडी करून तिच्याखाली सरकवायला गेलो तर ती अशी कण्हली की बायकोने माझा हातच धरला. शेजारी एक दांडगा तरुण बाप उभा होता, खांद्यावर पोर घेऊन. “आजींना उचलू का?” तो म्हणाला. भला माणूस होता. “नको, हात नका लावू,” बायको म्हणाली, आणि तो बिचारा ओशाळून गेला.

लेकीने टाचा उंचावून भिंतीवर हनुवटी टेकली. “आत्या, मी सांगते तुला. पाणी आहे. खूप आहे. चार बदकं आहेत, नाही, पाच…”

“तू नको सांगूस बाळा,” ताई म्हणाली. “मला दिसू दे.”

मग तिने गळ्यातला टेप काढून माझ्या हातात दिला. “धर. जमिनीपासून माझ्या डोळ्यापर्यंत.”

तीन फूट पाच इंच. लोक बघत होते आणि मी माझ्याच सज्ज्यावर गुडघे टेकून माझ्याच ताईचं माप घेत होतो.

“म्हणजे सात इंच,” ती म्हणाली. “बसून काम करणाऱ्याची विजार मी त्याला बसवून मापायचे. तू उभ्याचं माप घेतलंस रे, आणि बसणाऱ्याला शिवलंस.”

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पंधरा दिवस मी ज्या आजीबाईला ढकलत होतो तिला डोळे नव्हते, आणि ज्याला डोळे होते तो मागे उभा होता. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं मी त्या खुर्चीत बसलो असतो तर ही भिंत झाली नसती. परत येताना मी ढकलत होतो आणि रडत होतो. खुर्चीच्या मागे असण्याचा तेवढाच एक फायदा.

पण मी हात बांधून बसणारा माणूस नाही. पुढच्या सुट्टीला मी कामावरच्या फळ्या ठोकून एक बुटका चौथरा केला, दहा इंचांचा, सात भिंतीचे आणि तीन पाणी दिसायला, त्याला लांब उतार जोडला, आणि गवंड्याच्या टेम्पोत घालून सज्ज्यावर नेला. ताई म्हणाली होती, “तुझा हात लाकडावर बसलेला नाही, जपून.” उतार ठीक होता. वर, उतार आणि चौथरा जिथे जुळत होते, तिथे अर्ध्या इंचाची कड राहिली होती. दगडात मी तेवढी कड कधी ठेवली नसती. पुढचं चाक तिला अडलं, मी नेटाने ढकललं, आणि खुर्ची हिसका बसून चढली. ताईच्या तोंडून आवाजसुद्धा आला नाही. ती नुसती पांढरी पडली.

दोन बरगड्या. सहा आठवडे ती पलंगावर पडून होती. पहारेकऱ्याने चौथरा जप्त केला, कारण तो ठेवला की भिंत नियमापेक्षा ठेंगणी होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे काही सुनावलं ते मी मान खाली घालून ऐकलं. त्यानंतर फळी, उशी, पाट, असलं काही मनात जरी आलं तरी मी ते तिथेच सोडून द्यायचो.

उरला सरळ रस्ता. मी अर्ज केला. भिंत मधोमध सहा फूट रुंदीत खाली घ्यावी, बसलेल्या माणसाला तळं दिसत नाही. साहेबांनी अर्ज वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसला.

“भिंत कोणी मागितली होती?” ते म्हणाले.

“मी.”

“मला खालपासून वरपर्यंत सगळ्यांना हेच सांगावं लागेल.”

“सांगा.”

साहेब वाईट नव्हते. त्यांनी अर्ज त्याच दिवशी वर पाठवला. मग तो वर राहिला. वरून विचारणा आली की नेमकी किती उंची हवी. मी तीन फूट लिहिलं. उत्तर आलं, सुरक्षिततेसाठी तीन फूट तीन इंचांच्या खाली जाता येणार नाही. मी हिशेब केला. ताईचा डोळा तीन फूट पाच इंचांवर. दोन इंच वर राहतो. काठ नाही दिसणार, पण मधलं पाणी दिसेल. चालेल, मी लिहून दिलं, ताबडतोब करा.

ताबडतोब म्हणजे काय ते मला नोकरीत बावीस वर्षं काढून माहीत असायला हवं होतं. वाट नवी होती, तिच्या हमीची मुदत चालू होती, त्यात कुणी दगडाला छिन्नी लावायची नाही. मग त्यावर वेगळा कागद. मग पाहणीला येणारे गृहस्थ आजारी. ते बरे झाले तर त्यांची बदली. मी दर आठवड्याला साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभा राहायचो आणि साहेब मी तोंड उघडण्याआधीच मान हलवायचे. “माझ्या हातात असतं तर,” ते म्हणायचे. गवंडी मला म्हणाला, “दादा, मला सांगा, मी एका दुपारी खाली घेतो. कोण बघतंय?” मला मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण ती नोकरी गेली असती तर ताईचं औषध कुठून आलं असतं?

आणि तिकडे ताई खाली जात होती.

पहिल्यांदा ते तिच्याच लक्षात आलं. खुर्चीत बसल्यावर तिचं कोपर आधी खुर्चीच्या हातावर टेकायचं, ते आता आपसूक वर उचललं जायला लागलं. “मी आखडतेय,” ती म्हणाली. “स्वस्त कापडासारखी. घे माप.” तीन फूट साडेचार इंच. पुढच्या महिन्यात तीन फूट चार. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी तिच्या समोर गुडघे टेकून टेप धरायचो आणि ती आकडा वाचायची. चष्मा न लावता वाचायची, चुकून एखादा इंच जास्त वाचायची. मी तिची चूक दाखवायचो नाही. माझ्याकडे दोन आकडे होते, एक कागदावरचा आणि एक खुर्चीतला. दोन्ही कधी हलतील ते माझ्या हातात नव्हतं. आयुष्यभर मी मापं घेत आलो, माप घेतलं की पुढे काहीतरी करता येतं म्हणून. इथे माप घ्यायचं आणि टेप गुंडाळून ठेवायचा.

आठव्या महिन्यात मंजुरी आली. मी कागद हातात घेऊन धावत घरी गेलो नाही, सज्ज्यावर गेलो. गवंडी आणि मी, दोघांनी मिळून दोन दिवसांत भिंत मधोमध उतरवली. त्याने स्वतःचीच घासलेली कड फोडताना एकदाही तोंड वाकडं केलं नाही. तीन फूट तीन इंच. मी गवंड्याला आणखी खाली घ्यायला सांगणार होतो, पण पाहणीचे नवे गृहस्थ पट्टी घेऊन तिथेच उभे होते.

डॉक्टर आधी नको म्हणाले, मग ताईकडे पाहून म्हणाले, “एकदा. जपून. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.” त्याचा अर्थ आम्ही कुणी एकमेकांना विचारला नाही.

तिने वाचलेला शेवटचा आकडा होता तीन फूट साडेतीन. निघायच्या सकाळी मी टेप घेऊन तिच्याजवळ गेलो. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि उशीखाली सरकवला.

“आता नको,” ती म्हणाली. “कपडा शिवून झालाय ना? मग माप घेऊन काय करणार?”

तिने तोच पोशाख घातला होता. खांदे आता तिला मोठे होत होते. बायकोने मागून दोन टाचण्या लावल्या आणि ताईने “टाके कुठे गेले तुझे,” म्हणून तिला टोमणा मारला. वाटेवर त्या दिवशी माणसं कमी होती. फरशी तशीच होती, एक सांधा लागला नाही. लेक या वेळी पुढे पळाली नाही, खुर्चीला हात लावून चालत राहिली. मी मनात एकच गोष्ट घोकत होतो, तीन फूट तीन, तीन फूट तीन.

सज्ज्यावर कुणी नव्हतं. भिंतीतली खाच लांबूनच कळत होती, तिथला दगड ताजा होता. मी खुर्ची अगदी भिंतीला भिडवली आणि ब्रेक लावला. तिचा पट्टा जरा सैल झाला होता, तो आवळायला मी वाकलो, आणि माझं डोकं तिच्या डोक्याशेजारी आलं.

समोर दगडाची कड होती. तिच्यावर आकाश होतं. पाणी नव्हतं.

मी तसाच वाकून राहिलो. पट्टा आवळून झाला होता तरी बोटं बकलाशी चाळवत राहिलो. कसं सांगायचं, कुणाला सांगायचं, परत कुठे अर्ज करायचा, मला काही म्हणजे काही सुचेना.

“दिसतंय रे,” ताई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं. ती सरळ समोर बघत होती, सुईत दोरा ओवताना करायची तसे डोळे बारीक करून.

“पाणी केवढं चढलंय यंदा,” ती म्हणाली. “अगदी काठोकाठ. आणि आडवोबा बघ. जसाच्या तसा. माझी बसायची जागासुद्धा तशीच आहे.”

खाचेवर कोपरं टेकून उभी असलेली लेक वळली. “बाबा, आत्या कुठल्या…”

मी तिचा हात धरला. जरा जोरातच धरला असणार, कारण ती गप्प झाली आणि माझ्याकडे बघत राहिली. बायकोने पाण्याची बाटली उघडली, मग न पिताच बंद केली.

“तोच ना रे आडवोबा?” ताईने विचारलं. तिने माझ्याकडे मान वळवली नाही.

“तोच,” मी म्हणालो.

“मग झालं. तासभर बसू या. घाई नाही ना कुणाला?”

घाई कुणालाच नव्हती. मी उठलो आणि तिच्या मागे जाऊन खुर्चीच्या मुठी धरल्या. तिथून मला अख्खं तळं दिसत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी यंदा बरंच आटलं होतं, काठाला चिखल उघडा पडला होता, आणि त्या चिखलात मी कापून घेतलेला बुंधा होता. ताई खाली बसून बघत होती आणि मी वर उभा राहून बघत होतो. आम्ही तासभर थांबलो.